एका लाईनवर चार घरं

भुतेकर गुरुजींचा एका शब्दावर फार राग होता. तो शब्द म्हणजे 'पर्यंत'.

नवीन जालन्यात स्टेशन रोडला टेलिफोन कंपनीचा मोठा फलक लागला तेव्हाची गोष्ट. फलकावर धावणारा चित्ता होता, शेजारी इंटरनेटच्या स्पीडचा आकडा चित्त्याएवढाच मोठा, आणि आकड्याच्या मागे मुंगीच्या पावलासारखं 'पर्यंत'. गुरुजींनी फलकाखाली सायकल उभी केली, चष्मा पुसला, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या ऑटोवाल्यांना विचारलं, "पर्यंत म्हंजे कुठपर्यंत? मी वर्गात जाऊन म्हणलो असतो, पोरांनो, यंदा दहा धड्यांपर्यंत शिकवीन, आणि एकच शिकवून घरी गेलो असतो, तर चाललं असतं का?"

"गुर्जी, तुम्ही तर अकरा शिकवायचे," एक ऑटोवाला म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. "आमाला एकबी येत नव्हता, ते सोडा."

गुरुजी नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. खरं काम त्यांचं पत्रकं काढणं. गुलाबी कागद, वर 'नागरिकहो!', आणि शेवटी नेहमी एक प्रश्न. नळाला पाणी का नाही, रॉकेल कुठे मुरतं, बसस्टँडच्या मुतारीला दार का नाही. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, गुरुजींची पत्रकं होती. आई ती डब्यांखाली अंथरायची आणि मी डबे उचलून वाचायची. अन्यायाला कर्ता असतो, 'पाणी आले नाही' असं लिहू नये, 'पाणी सोडले नाही' असं लिहावं, हे मी त्या डब्यांखालीच शिकले. पत्रक वाटायची त्यांची एक तऱ्हा होती. ते हातात देऊन पुढे जात नसत, समोरचा पहिली ओळ वाचेपर्यंत उभे राहत. चहा उतू चाललाय म्हणणाऱ्या हॉटेलवाल्यालाही ते सांगत, "उतू जाऊ दे. हे वाच."

आणि फोन. तो आमच्या गल्लीतला पहिला होता. अर्ज करून गुरुजी कित्येक वर्षं थांबले, आणि फोन आला त्या दिवशी म्हणाले, "अर्ज माझ्या नावाचा आहे, पण खांब गल्लीच्या जागेत रोवलाय. मंग फोन माझा एकट्याचा कसा?" हे इतर कुणी बोललं असतं तर बोलण्यापुरतं राहिलं असतं. गुरुजींनी जुन्या बाजारातून तीन डबडे फोन आणले, लाईनमन सत्तारभाईंना चहा पाजला, आणि आपल्या गच्चीवरून एक वायर निघाली. आधी आमच्या गच्चीवर, तिथून टेम्पोवाल्या जाधवकाकांच्या, आणि शेवटी गल्लीच्या टोकाला गयाबाईंच्या पत्र्यावर. एका लाईनवर चार घरं. हे कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. सत्तारभाई वायर ओढताना म्हणाले होते, "गुरुजी, मैंने कुछ देखा नहीं, तुमने कुछ किया नहीं." दोघांनीही तो शब्द पाळला, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

घंटा चारही घरांत वाजायची. नियम असा की उचलायचा गुरुजींनी. ज्याचा असेल त्याचं नाव ते भिंतीवरून ओरडायचे, मग त्यानं आपल्या घरी उचलायचा आणि बाकीच्यांनी ठेवायचा. बाकीचे ठेवत नसत. माझ्या मावशीच्या मुलीचं लग्न मोडल्याची बातमी मावशीनं आईला सांगितली तेव्हा मध्येच गुरुजींचा आवाज आला, "जाधव, तुमचा श्वास ऐकू येऊन राह्यलाय. ठेवा." आणि जाधवकाका म्हणाले, "ठेवतो गुर्जी. पण वहिनी, पोरगा तसाबी बराबर नव्हता."

गयाबाईंच्या फोनचा नियम मात्र वेगळा होता. त्या एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कारखान्यात सरकी निवडायला जायच्या. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. शेवटचा कळप नवऱ्यानं विकला त्यावरून बापलेकांत हाणामारी झाली आणि मुलगा, ज्ञानोबा, निघून गेला. नवराही पुढे वारला. एकदा संध्याकाळी फोन वाजला, गुरुजींनी उचलला, पलीकडे कुणी बोलेना. ठेवला. पुन्हा वाजला. त्या वेळी गुरुजी न्हाणीत होते म्हणून गयाबाईंनीच भीतभीत उचलला. "आये, मी हाय," एवढं ऐकू आलं आणि कटला. त्यानंतर असा फोन कधी दोन महिन्यांनी यायचा, कधी सहा. पुरुषाचा आवाज आला की तो ठेवून द्यायचा. दुसऱ्या बाईचा आला तरी. म्हणून गल्लीनं न ठरवता ठरवलं, की पलीकडून कुणी बोललं नाही तर ठेवायचा, आणि पुढची घंटा कुणी उचलायची नाही. ती घंटा गयाबाईंची. ती थांबली की आमच्या घरात आई म्हणायची, "उचलला वाटतं," आणि भाजीत मीठ टाकायची. त्या फोनवर जाधवकाकांनीसुद्धा कधी कान लावला नाही.

उज्ज्वलाताई गुरुजींची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ती त्यांच्या पत्रकांची पहिली वाचक. परभणीला दिली होती. तिथे सासऱ्यांनी तिची पुस्तकं बंबात घातली, पुढे नवऱ्यानं हात उचलला, आणि ती एका पिशवीनिशी परत आली. गुरुजींचे धाकटे भाऊ, श्रीरंगकाका, गावाकडची शेती बघायचे, महिन्याला जीप घेऊन यायचे आणि ओट्यावर बसून तेच म्हणायचे, "दादा, लेक किती दिवस बसवून ठेवायची? लोक काय म्हणून राह्यले, ऐकतो का तू?"

"बसली न्हाई ती. काम करते," गुरुजी म्हणायचे.

कामच तर तिचं हत्यार होतं. पुण्यातली एक कंपनी अमेरिकेतल्या डॉक्टरांची बोलणी टाईप करून घ्यायची. डॉक्टर रोग्याबद्दल बोलणार, त्याची ध्वनिफीत इंटरनेटवरून इकडे येणार, उज्ज्वलाताई कानात यंत्र घालून ते ऐकणार, टाईप करणार आणि ठरल्या वेळात परत पाठवणार. उशीर झाला की फाईल दुसरीला जायची. असं वारंवार झालं की काम बंद. काम बंद म्हणजे परभणी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. श्रीरंगकाकांना तर फारच.

त्यासाठी चित्त्याचं इंटरनेट घेतलं. ते फोनच्याच लाईनवरून यायचं. आणि आलं ते गोगलगायीसारखं.

सुरुवातीला गुरुजींनी जे सगळे करतात ते केलं. मोडेम बंद करून चालू केला. खिडकीत ठेवला. उन्हाळ्यात तापतो म्हणून कूलरसमोर ठेवला, तर तो ओला झाला आणि उज्ज्वलाताईनं तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून वाळवला. कंपनीनं दिलेली फोन आणि इंटरनेट वेगळं करायची छोटी डबी बदलून आणली. पहाटे स्पीड बघितला, दुपारी बघितला. पहाटे जरा बरा असायचा, पण अमेरिकेतले डॉक्टर आपल्या संध्याकाळी उठतात. संध्याकाळी फाईल उतरवताना पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यावर यायची, थांबायची, मोडेमचा हिरवा दिवा मिचमिचायचा आणि विझायचा. परत पहिल्यापासून.

एकदा गुरुजी कंपनीच्या ऑफिसात भांडायला गेले. मी आणि उज्ज्वलाताई बरोबर होतो. ते म्हणाले, आकडा पाचशे बाराचा आहे आणि घरी पन्नास दिसतो, तोही पहाटे. तिथला तरुण साहेब शांतपणे म्हणाला, "काका, जाहिरातीतला आकडा वेगळ्या मापात असतो. त्याला आठानं भागायचं. पन्नास म्हणजे ठीकच आहे की."

गुरुजी म्हणाले, "मंग दुधवाला लिटर म्हणून पावशेर देईल आणि म्हणंल भागा, तर चालंल? आठानं भागायचं हे फलकावर का न्हाई लिहिलं? चित्ता काढायला जागा होती, आठ काढायला न्हवती?"

"आणि संध्याकाळी पाचसुद्धा येत नाही, ते कितीनं भागायचं?" उज्ज्वलाताई म्हणाली.

 साहेबानं तक्रार लिहून घेतली आणि सत्तारभाईंना पाठवलं. सत्तारभाई आले, खांबावर चढले, यंत्र लावलं, म्हणाले, "लाईन तो बराबर है, गुरुजी. बिलकुल." खांबापर्यंत ती बरोबर होतीच. खांबावरून गुरुजींची गच्ची स्पष्ट दिसते, पण सत्तारभाईंनी तिकडे मान वळवली नाही. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. गुरुजींनी काही केलं नव्हतं.

मग गुलाबी पत्रक निघालं. 'नागरिकहो! आपण चित्ता विकत घेतला. घरी गोगलगाय कोणी सोडली?' मला ते पाठ आहे. मी ते कॉलेजच्या गेटवर वाटलं, पहिली ओळ वाचेपर्यंत प्रत्येकासमोर उभी राहिले. अजूनही त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. जी कंपनी 'पर्यंत' लिहून हात झटकते तिच्याविरुद्ध लिहिलेलं पत्रक चुकू शकतं, पण खोटं असू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

त्याच आठवड्यात जाधवकाकांच्या मुलीचं लग्न निघालं. गल्लीत मांडव पडला. मांडववाल्यांनी बांबू उभे करताना काय ओढलं आणि काय सोडलं कुणी बघितलं नाही. आमच्याकडे आणि जाधवांकडे तोवर मोबाईल आले होते, जुन्या डबड्यांवर धूळ होती. पण त्या संध्याकाळी उज्ज्वलाताईनं मला भिंतीवरून हाक मारली, "ये ना, बघ तर!" निळी पट्टी पळत होती. फाईल उतरली, टाईप झाली, गेलीसुद्धा. हिरवा दिवा एकदाही मिचमिचला नाही. फलकावरचा चित्ता तो नव्हताच, पण पळणारं जनावर होतं.

गुरुजींच्या आनंदाला कारण एकच दिसलं. पत्रक! त्यांनी मांडवातच पेढे वाटले, नवरदेवाच्या मामाला इंटरनेट म्हणजे काय ते सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी नवं पत्रक काढलं: 'नागरिकहो! आवाज उठवला की चित्ता पळतो. मग आपण गप्प का?' श्रीरंगकाका लग्नाला आले होते. त्यांच्याही हातात गुरुजींनी ते दिलं आणि पहिली ओळ वाचेपर्यंत उभे राहिले. आठ-दहा दिवस असे गेले. त्या घरात मी इतकं हसू कधीच ऐकलं नव्हतं.

मग गयाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "गुर्जी, फोन मेलाय जणू. कानाला लावला तर गूं न्हाई का गां न्हाई. मांडवापासून असंच हाय."

"आधी का न्हाई सांगितलं?"

"लगनाच्या घाईत कशाला म्हनलं."

गुरुजी लगेच गच्चीवर चढले. वायर कठड्याजवळच तुटली होती. त्यांनी दातानं तिचं रबर सोललं, तांब्याला पीळ घातला, आणि वरून ओरडले, "बघा आता!" गल्लीच्या टोकावरून गयाबाईंचा आवाज आला, "आला, आला, गूं आला!"

त्या संध्याकाळी निळी पट्टी अर्ध्यावर थांबली.

"बदला घेतला कंपनीनं," गुरुजी म्हणाले. त्यांनी कागद पुढे ओढून 'नागरिकहो!' लिहिलंसुद्धा.  उज्ज्वलाताई त्यांना हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. पीळ सोडवला. खाली येऊन दाखवलं: पट्टी पळते. वर जाऊन पीळ घातला. खाली येऊन दाखवलं: पट्टी थांबते. दोनदा केलं. इंटरनेट खांबावरून घरात यायच्या आधीच त्या वायरीवर पसरत होतं. छपरांवरून गेलेली, पावसाळ्यांनी कुजलेली, जागोजाग पिळून जोडलेली वायर, जिच्या टोकाला फक्त गयाबाईंचा फोन होता.

गुरुजी कठड्यावर बसले. म्हणाले, "म्हंजे माझं पत्रक चुकलं."

चूक झाली तर दुरुस्तीचं पत्रक काढायचं, हा त्यांचा शिरस्ता. तेही लिहायला घेतलं. उज्ज्वलाताईनं कागद काढून घेतला. "नाना, वायर कुणी ओढली विचारतील. सत्तारभाईंची नोकरी जाईल." तर खरं छापायचीही सोय राहिली नाही.

त्यांनी काय काय केलं नाही! आमचा आणि जाधवांचा डबडा काढला. गयाबाईंच्या फोनला औरंगाबादहून आणून ती छोटी डबी लावली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. सत्तारभाई छपरांवरच्या वायरीकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, ये फांदी लटकी है तब तक स्पीड खायेगीच." गयाबाईंसाठी वेगळं कनेक्शन मागितलं, तर ऑफिसनं सांगितलं, त्या गल्लीच्या पेटीत वायरची जोडी शिल्लक नाही, मोबाईल घ्या. मोबाईलचा नंबर ज्ञानोबाला कोण सांगणार? त्याला घर सोडण्याआधीचा एकच नंबर पाठ, आणि दोन शब्द बोलून तो ठेवायचा, नवा नंबर ऐकायला थांबायचा नाही. गयाबाई दिवसा कारखान्यात असतात तेव्हा वायर सोडायची आणि संध्याकाळी जोडायची, असंही ठरलं. पण संध्याकाळीच अमेरिका उठायची आणि संध्याकाळीच ज्ञानोबाचा फोन यायचा. गयाबाईंना आपल्या घरी येऊन बसायला सांगितलं. त्या आल्या, उंबऱ्याजवळ काही दिवस बसल्या. मग एकदा म्हणाल्या, "गुर्जी, दिवसभर सरकीत उभं राहून पाय न्हाई ऐकत. अन् त्यो म्हनला आये, तर मी तुमच्या म्होरं काय बोलू?" त्या परत गेल्या. उज्ज्वलाताईच्या फाईली उशिरा जात राहिल्या. पुण्याहून आधी समज आली, मग शेवटची समज.

आणि एके दिवशी पट्टी पुन्हा पळायला लागली.

गुरुजी म्हणाले, सत्तारनं खांबावर काहीतरी केलं. उज्ज्वलाताईनं मान्य केलं. माणूस बुडताना विचारत नाही. सुमारे महिना बरा गेला. एकदा ती दळण घेऊन येत होती, गयाबाई ओट्यावर बसलेल्या. "लई दिस झाले गं, ज्ञानोबाचा फोन न्हाई. कानाला लावलं तर पुन्ना मेल्यावानी लागतोय. गुर्जीला सांगितलं तर म्हनले, बघतो."

उज्ज्वलाताई दळण ओट्यावरच ठेवून घरी आली आणि सरळ गच्चीवर गेली. या वेळी वायर तुटलेली नव्हती. पक्कडीनं सरळ कापलेली होती, आणि दोन्ही टोकं दिसू नयेत म्हणून विटेखाली दाबली होती.

मी आमच्या गच्चीवर कपडे काढत होते. गुरुजी तिच्या मागे वर आले. ती दातानं रबर सोलत होती.

"उजू, राहू दे."

"तुम्हीच लिहिलं होतं ना नाना? खांब गल्लीच्या जागेत हाय म्हणून?"

"तो वर्षात दोनदा फोन करतो. तुझं रोजचं हाय."

"मंग पत्रक काढा तसं," ती म्हणाली. "नागरिकहो, मी म्हातारीची वायर का कापली? काढा. मी वाटते."

 तिनं पीळ घातला, हात झटकले आणि दळण आणायला गेली.

काम पुढच्या महिन्यात बंद झालं. श्रीरंगकाका जीप घेऊन आले, बरोबर परभणीचे दोघं. ओट्यावर बैठक बसली. मी आमच्या दारातून बघत होते. मला खात्री होती की आता गुरुजी उठतील, चष्मा पुसतील, आणि त्या दोघांना असा प्रश्न विचारतील की त्यांना जीप सापडणार नाही. उज्ज्वलाताई चौकटीला टेकून उभी होती. ती एकदाच म्हणाली, "नाना, बोला ना काहीतरी."

गुरुजी बोलले नाहीत. नगरपालिकेला, कंपनीला, कलेक्टरला न भ्यालेला माणूस आपल्या चपलांकडे बघत बसला. ती वायर कापली तेव्हा त्यांनी स्वतःचाच आवाज कापला होता, असं मला वाटतं. जो इतरांना 'का' विचारत हयात घालवतो त्याला स्वतःच्या एका 'का'चं उत्तर देता आलं नाही, की तो कुणालाच विचारू शकत नाही. माझं रक्त तेव्हाही खवळलं, आजही खवळतं; पण कुणावर ओरडायचं ते अजून ठरत नाही. कंपनीवर? भावावर? फोन उचलणाऱ्या म्हातारीवर? चारपैकी एका घराला जगवायला दुसऱ्याची वायर कापावी लागते, ही रचना कुणाची, हे कोणत्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

ती जीपमध्ये बसली. पिशवी तीच होती. पत्रकं बंद झाली.

काही वर्षांनी मी गावी गेले होते. आम्ही काही जणांनी मिळून एक साप्ताहिक काढायला सुरुवात केली होती, त्याचा अंक घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांच्या हातात दिला आणि पहिली ओळ वाचेपर्यंत उभी राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं. थोडं हसले, पण वाचलं नाही, घडी करून उशाशी ठेवला. मोडेम कपाटावर होता. उज्ज्वलाताईचं विचारलं तर म्हणाले, "हाय." गयाबाई मागच्या थंडीत गेल्याचं आईनं मला आधीच सांगितलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला, "हॅलो" म्हणाले, ऐकत राहिले, ठेवला. पुन्हा वाजला. मी सवयीनं हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. गयाबाईचा हाय."

"गुरुजी, गयाबाई गेल्या ना?"

"त्याला कुठं माहीत हाय."

"मग सांगा ना त्याला."

"माझा आवाज आला की ठेवून देतो."

घंटा वाजत होती. गल्लीच्या टोकाला, कुलूप लावलेल्या पत्र्याच्या खोलीतूनही तीच घंटा ऐकू येत होती. वायर अजून जोडलेली होती. गुरुजी रिसीव्हरवर हात ठेवून बसले होते, उचलत नव्हते. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.